फक्त सभासदांसाठी

पुण्यात येऊन मला तीन आठवडे झाले होते. साल १९८७, जुलै महिना. महाविद्यालयाच्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात एक ओळ दिसली. जुना जर्मन चित्रपट, विषय कोळसा खाणीतील दुर्घटना, वेळ सायंकाळी साडेसहा. एवढी ओळ मला पुरेशी होती, कारण मी चिखल्याचा. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, गोबरवाही स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे मँगनीजच्या ज्या खदानी आहेत त्यांतली एक चिखल्याची. ती जमिनीखालची. १८९६ मध्ये इंग्रजांच्या कंपनीने मध्य प्रांतात मँगनीजचा शोध सुरू केला, तो वारसा १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’कडे आला, म्हणजे आमच्या भाषेत ‘मॉईल’कडे. (आमच्याकडे खाण म्हणत नाहीत, खदान म्हणतात, या लेखातही चिखल्याचा विषय आला की मी तेच म्हणेन.) माझे बाबा तिथे टिंबरमन होते. छताला लाकडाचे टेकू देणे, जुने टेकू तपासणे, कुजलेले बदलणे हे त्यांचे काम.

वसतिगृहापासून सभागृहापर्यंत मी चालत गेलो. दाराशी एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हसून हात पुढे केला. मला वाटले तिकिटाचे पैसे हवेत, म्हणून मी पाचची नोट काढली. ते म्हणाले, “कार्ड दाखवा. हा खेळ फक्त सभासदांसाठी आहे.” मी विचारले, तिकीट किती? ते म्हणाले, “तिकीट नसतं.” आवाजात उर्मटपणा नव्हता. वार्षिक वर्गणी किती, अर्ज कुठे मिळतो, दोन सभासदांची शिफारस कशी लागते, हे सारे त्यांनी नीट समजावून सांगितले. पुण्यात मी तीन माणसांना ओळखत होतो आणि त्यांतला एक खानावळवाला होता. मी परत फिरलो.

तोच चित्रपट मी दीड वर्षाने दुसऱ्या एका सोसायटीच्या खेळात पाहिला. तोवर माझ्या खिशात कार्ड आले होते आणि पुढे अनेक वर्षे ते राहिले. या लेखात मला त्या कार्डाविषयीच लिहायचे आहे. आपल्याकडे ‘कला-चित्रपटगृह’ म्हणून जे होते आणि आहे, त्याचे दार असे का झाले, आणि त्या दाराने चित्रपटांचे काय केले, हा माझा प्रश्न आहे. कार्डाने मला जे दिले त्याच्या ऋणात मी आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो. नाहीतर पुढचे लिखाण जुन्या रागातून आले असे वाटेल.

पहिली गोष्ट कायद्याची. दाराशी बसलेल्या गृहस्थांनी मला अडवले ते स्वतःच्या मर्जीने नव्हे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवायचा तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र हवे. वकिलातींकडून, परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून येणाऱ्या प्रतींना ते नसते. त्याच कायद्यातील नवव्या कलमात केंद्र सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे, आणि फिल्म सोसायट्यांना ती सूट मिळाली ती एका अटीवर: प्रेक्षक नोंदलेला सभासदच असला पाहिजे. करमणूक कराची सवलतही याच अटीला बांधलेली. दारात तिकीट विकले की तो ‘धंदा’ झाला. मग परवाना, कर, प्रमाणपत्र सगळेच आले. म्हणजे न कापलेला बर्गमन किंवा पाब्स्ट आपल्याला पाहता आला याची किंमत ते कार्ड होती. ती आम्ही मोजली, पण कार्ड नसलेल्यांनीही ती मोजली, हे कधी हिशेबात धरले गेले नाही.

फिल्म सोसायट्यांचा आपला इतिहास सहसा अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगण्याजोगा आहेच. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांची कलकत्ता फिल्म सोसायटी. १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ, राय त्याचे अध्यक्ष. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. प्रभातच्या ‘रूपवाणी’ने मराठीत चित्रपटावर गंभीरपणे लिहिण्याची सवय लावली. अरुण खोपकरांसारखा लेखक ‘चलत्-चित्रव्यूह’ लिहितो आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो, यामागे अनेक वर्षे भाड्याच्या सभागृहांत झालेले असंख्य खेळ आहेत. पण या इतिहासात एक वास्तू नाही. सोसायटी म्हणजे सभासदांची यादी, उसनी प्रत आणि एका संध्याकाळपुरते घेतलेले सभागृह. कालच्या खेळाबद्दल कुणी ऐकले आणि आज तो चित्रपट पाहायला आला, असे तिथे होऊ शकत नाही. आज प्रत दुसऱ्या गावाला गेलेली असते.

वास्तू का नाही, याचे उत्तर मला १९५१ च्या स. का. पाटील समितीपाशी सुरू होते असे वाटते. चित्रपट व्यवसायाच्या चौकशीसाठी नेमलेल्या या समितीच्या शिफारशींतून पुढे काय काय उभे राहिले, ते ओळीने पाहा. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे चित्रपटासाठी पैसा. त्याच साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे शिक्षण. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे जतन. पैसा, शिक्षण, जतन. चित्रपट तयार व्हावा, करणारे तयार व्हावेत आणि झालेला चित्रपट टिकावा, याची सोय झाली. तो लोकांना दाखवायचा कुठे, याची झाली नाही. १९६९ मध्ये महामंडळाच्या पैशातून ‘भुवन शोम’ आला, पाठोपाठ मणी कौलचा ‘उसकी रोटी’. आणि १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाला विचारले की हे चित्रपट चालत का नाहीत. ज्या चित्रपटाला पडदाच मिळाला नाही तो चालला नाही, हा निष्कर्ष मला नेहमी न लावलेल्या झाडाच्या फळांची मोजणी केल्यासारखा वाटत आला आहे. मुंबईत मंत्रालयाजवळच्या आकाशवाणी थिएटरमध्ये अशा चित्रपटांना काही काळ पडदा मिळाला, तिथे तिकीट काढून ते पाहिलेली माणसे अजूनही त्या जागेविषयी जिव्हाळ्याने बोलतात. पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने नवी चित्रपटगृहे बांधायला कर्जेही दिली. पण ‘इथे वर्षभर असेच चित्रपट लागतील’ अशी पाटी आपल्या राज्यात सरकारने कुठे लावली नाही.

इतरत्र ती लागली. कोलकात्यात १९८५ मध्ये ‘नंदन’ उघडले. उद्घाटन रायांच्या हस्ते. तिथे सरकारी चित्रपट केंद्र आहे आणि दारात तिकीट मिळते. केरळच्या चित्रपट महामंडळाची तिरुवनंतपुरममध्ये स्वतःची चित्रपटगृहे आहेत. फ्रान्समध्ये अशा चित्रपटगृहांची वर्गवारी करून त्यांना सरकारी साहाय्य दिले जाते, म्हणून लहान गावातही एखादे टिकते. महाराष्ट्राने १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी उभारली. पुन्हा सोय झाली ती निर्मितीची. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी सायंकाळची मोक्याची वेळ राखून ठेवायला सांगितले, त्यावर बराच गदारोळ झाला आणि वेळेची अट सैल करावी लागली. त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला. राष्ट्रीय पुरस्काराचा शिक्का असलेला तो चित्रपटही भाषेच्या कोट्यातला एक खेळ म्हणूनच पडद्यावर आला. कोटा आणि घर यांत फरक असतो.

महाराष्ट्रात घराच्या सर्वांत जवळ जाणारी जागा कोणती, असे मला विचारले तर मी पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील संग्रहालयाचे सभागृह म्हणेन. बॅरिस्टर जयकरांचा बंगला, त्याच्या आवारातली झाडे आणि आत ते प्रेक्षागृह. तिथे मी आयुष्यातले काही शहाणपणाचे तास घालवले आहेत. आशय फिल्म क्लबचे खेळ तिथे होत, संग्रहालयाचे स्वतःचे होत, रसग्रहणाच्या शिबिराला देशभरातून माणसे येत. १९६५ ते १९९१ या काळात पी. के. नायर यांनी ते संग्रहालय अक्षरशः डबा-डबा करून भरले. त्यांच्यावर शिवेंद्र सिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये केलेल्या ‘सेल्युलॉईड मॅन’ या माहितीपटात एक भाग आहे, तो पाहताना मी खुर्चीत ताठ बसलो होतो. तो भाग हेग्गोडूचा आहे.

हेग्गोडू हे कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातले सुपारीच्या बागांचे लहान गाव. तिथे १९४९ पासून ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था आहे. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचे सूत्रधार. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. १९७३ मध्ये त्यांनी तिथे चित्रपट सोसायटी काढली. पुढे पुण्याहून नायर आणि प्राध्यापक सतीश बहादूर तिथे गेले, संग्रहालयातल्या प्रती गेल्या, आणि सुपारी सोलणाऱ्या माणसांनी ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ज’ पाहिले. माहितीपटात त्या गावातली माणसे या चित्रपटांविषयी बोलतात. ती आपण पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलतात, ‘जागतिक चित्रपट’ नावाच्या विषयावर नाही.

ज्या पुण्यात मला कार्ड विचारले गेले, त्याच पुण्यातून डबे हेग्गोडूला जात होते. म्हणजे अंतर हे कारण नव्हते. चिखला पुण्यापासून लांब आहे, पण आडवळणी असण्यात हेग्गोडू त्याच्या मागे नाही. गावाची ऐपत हेही कारण म्हणता येणार नाही. आमच्याकडे तर कॉलनी होती, मैदान होते, वीज होती. मग हेग्गोडूत काय होते? एक, स्वतःची वास्तू होती. नाटकासाठी बांधलेली, वर्षभर उघडी. दोन, हे चित्रपट गावाला समजावेत यासाठी कन्नडमध्ये लिहिणारा माणूस होता. सुब्बण्णांनी पटकथा, टिपणे, चित्रपटावरची पुस्तके कन्नडमध्ये आणली. आपल्याकडे ‘रूपवाणी’ होते, पण ते ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांच्यासाठी होते. जो पाहणार आहे आणि ज्याला पडद्याखालची इंग्रजी ओळ वाचता येत नाही, त्याच्यासाठी मराठीत आपण काय तयार केले? माझ्याजवळच्या जुन्या सोसायट्यांच्या माहितीपत्रकांची एक पिशवी आहे. त्यातली बहुतेक पत्रके इंग्रजीत आहेत.

इथे एक नेहमीचा आक्षेप येईल: ग्रामीण प्रेक्षकाला संथ चित्रपट सोसत नाही. झाडीपट्टीच्या माणसाला हे सांगू नये. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते, दंडार होते, आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडताना संपते. थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून, मातीवर बसून माणसे ते पूर्ण पाहतात. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ या चित्रपटात ते जग पडद्यावर आणले. मात्र या उदाहरणाने मी स्वतःलाही फसवू इच्छित नाही. झाडीपट्टीच्या नाटकात विनोद असतो, गाणी असतात, मधेच लावणी होते. सहा तासांचा धीर त्या खुराकावर टिकतो. ‘उसकी रोटी’मधील बाईने बसची वाट पाहणे हा वेगळा उपास आहे. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की बसण्याची सवय होती, तिकीट काढायची सवय होती, आणि पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याची चिरफाड करायचीही सवय होती. तंबूतल्या फिरत्या टॉकीजने महाराष्ट्राच्या जत्रांमध्ये अनेक दशके हेच केले. अमित मधेशिया आणि शर्ली अब्राहम यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ने (२०१६) त्या मोडक्या प्रोजेक्टरांचा आणि ते चालवणाऱ्यांचा शेवटचा काळ टिपला आहे. तंबूच्या दारात कुणी कुणाला शिफारसपत्र विचारले नाही. फक्त तंबूत पाब्स्ट कधी आला नाही.

आता त्या चित्रपटाकडे येतो. गेओर्ग विल्हेल्म पाब्स्टचा ‘कामेराडशाफ्ट’, साल १९३१. नावाचा अर्थ सोबतीपणा, बंधुभाव. १९०६ च्या मार्चमध्ये उत्तर फ्रान्समधील कुरिएर येथे खाणीत स्फोट झाला आणि सुमारे अकराशे माणसे मेली. तेव्हा जर्मनीतील खाणकामगार बचावाला धावून गेले होते. पाब्स्टने ही घटना पहिल्या महायुद्धानंतरच्या सीमेवर आणली. एकच कोळशाची शीर, मधून दोन देशांची सीमा, आणि जमिनीखालीही त्या सीमेवर लोखंडी जाळी. फ्रेंच बाजूला आग लागते. जर्मन पाळीवरून सुटलेले कामगार अंघोळीच्या खोलीतच ठरवतात की आपण जायचे. काही जण वरच्या रस्त्याने जातात, तिघे खालची जाळी तोडून. एक फ्रेंच म्हातारा नातवाला शोधायला चोरून खाली उतरलेला असतो.

१९८९ च्या सुरुवातीला मी तो पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात दुसरा चित्रपट होता: ‘काला पत्थर’. तुमसरच्या टॉकीजमध्ये आणि पुन्हा कॉलनीच्या मैदानात पांढरे कापड टांगून, असा दोनदा पाहिलेला. यश चोप्रांचा हा १९७९ चा चित्रपट १९७५ मधल्या चासनालाच्या दुर्घटनेवर बेतलेला. त्यात खाण ही नायकाच्या अपराधाला साजेशी अशी अंधारी जागा आहे. पाणी आत शिरते ते त्याला पुन्हा शूर होता यावे म्हणून. मैदानात आम्ही शिट्ट्या वाजवल्या होत्या. बाबांनी त्या रात्री एवढेच म्हटले की अमिताभची टोपी नीट बसलेली नव्हती. पाब्स्टच्या चित्रपटात नायक नाही. तिथे काम आहे, आणि कामाला लागणारे हात आहेत. मुख्य म्हणजे तिथे आवाज आहे. बोलपट येऊन फार वर्षे झालेली नव्हती, आणि पाब्स्ट संगीताच्या जागी पाइपावरची ठकठक, कोसळणारा दगड, अडकलेल्या माणसाचा श्वास ऐकवतो. बचावाला आलेला जर्मन वायूचा मुखवटा घालून समोर उभा राहतो आणि गुदमरलेल्या फ्रेंच कामगाराला युद्ध आठवते. ती ठकठक त्याच्या कानात मशीनगन होते आणि तो वाचवणाऱ्याच्याच अंगावर धावून जातो. दोन देशांतील वैर एवढ्या कमी जागेत दाखवलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

खेळानंतर चर्चा झाली. ती चांगली चर्चा होती. वायमार काळ, समाजवादी आशावाद, स्टुडिओत उभारलेले बोगदे किती खरे वाटतात, हे सारे बोलले गेले. मीही बोललो, आणि मी काय बोललो ते आठवून आज थोडे हसू येते. मी ‘वस्तुनिष्ठ दृश्यरचना’ असा शब्द वापरला होता. माझे बाबा टिंबरमन आहेत हे मी कुणाला सांगितले नाही. सांगण्याचा प्रसंगच आला नाही, असे मी तेव्हा स्वतःला समजावले.

हा चित्रपट बाबांनी पाहिला तो २०१२ मध्ये, दिवाळीला मी गावी गेलो होतो तेव्हा. बाबा निवृत्त होऊन खूप वर्षे झाली होती, कानाला थोडे कमी येत होते. लॅपटॉप पाटावर ठेवला, छोटे स्पीकर जोडले. मी दर वाक्याचे मराठी करून सांगू लागलो. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर करून मला थांबवले. “तू नोको सांगू. त्यायलेबी त्याय्‌चं समजून नाही रायलं.”

हे वाक्य मला चोवीस वर्षे उशिरा मिळालेले समीक्षेचे वाक्य आहे. पाब्स्टच्या चित्रपटात जर्मन माणसे जर्मन बोलतात आणि फ्रेंच माणसे फ्रेंच. दोघांना एकमेकांचे कळत नाही. शेवटी एक फ्रेंच कामगार भाषण करतो, मग जर्मन कामगार उत्तर देतो, आणि त्यात कबूल करतो की शब्द कळले नाहीत, पण म्हणणे कळले. चित्रपटाची सारी रचना या न कळण्यावर उभी आहे. आमच्या सभागृहात दोन्ही भाषांखाली सारखीच इंग्रजी ओळ धावत होती. आम्हाला सीमेच्या दोन्ही बाजूंचे सगळेच समजत होते, म्हणून सीमा दिसतच नव्हती. बाबा ज्या तऱ्हेने पाहत होते ती पाब्स्टच्या अधिक जवळची होती. इंग्रजी न येणे ही माझ्या लेखी त्यांची अडचण होती. या एका चित्रपटापुरती तरी ती माझी अडचण निघाली.

पुढे बोगदा कोसळतो तो प्रसंग आला. चौकटीतल्या लाकडांवर भार येतो, ती वाकतात आणि मग सगळे खाली येते. बाबा पुढे सरकले. म्हणाले, मागे घे. मी घेतले. त्यांनी डोळे मिटून तो तुकडा पुन्हा ऐकला.

“लाकूड मोडाच्या पहिले बोलते. यायनं ते आयकवलं.”

मग त्यांनी मला सांगितले की टिंबरमनचे निम्मे काम कानाचे असते. टेकू करकरतो, त्याला ते ‘बोलणे’ म्हणत. बोलणारे लाकूड चांगले, कारण ते वेळ देते. चिखल्यात कोळशासारखा वायू नाही, आगीचा स्फोट नाही. भीती असते ती छताची. आणि त्या बोगद्याची उंची चुकीची आहे, इतक्या उंच जागेला असे टेकू कुणी देत नाही, असेही ते म्हणाले; पाब्स्टचे बोगदे स्टुडिओत बांधलेले आहेत हे त्यांना मी सांगितले नव्हते. ज्या गोष्टीचे आमच्या चर्चेत कौतुक झाले होते ती त्यांना खटकली, आणि ज्या आवाजाचा आमच्यापैकी कुणी उल्लेख केला नव्हता त्यासाठी त्यांनी चित्रपट मागे घ्यायला लावला.

मला यावरून असे म्हणायचे नाही की खाणीवरचा चित्रपट खाणकामगारालाच कळतो. तसे असते तर ‘पथेर पांचाली’ पाहायला निश्चिंदीपूरला जन्म घ्यावा लागला असता. वायमार काळाविषयी त्या संध्याकाळी जे बोलले गेले त्यावाचून मला मुखवट्याचा प्रसंग अर्धाच कळला असता, आणि बाबांना तो तसा अर्धाच कळला. त्यांना वाटले माणूस वायूने भ्रमिष्ट झाला. पण सभागृहात ही दोन्ही ज्ञाने एकत्र बसू शकली असती. तिकिटाची खिडकी एवढेच करते: कुणाला काय कळते याची चौकशी न करता आत सोडते. कार्डाने आम्हाला सेन्सॉरपासून वाचवले आणि त्याच वेळी एकमेकांसारखेच प्रेक्षक करून ठेवले.

२०१४ मध्ये मुंबईत लोअर परळच्या जुन्या दीपक टॉकीजचे ‘मॅटरडेन’ झाले आणि तिथे जगभरचे अभिजात चित्रपट तिकीट काढून पाहता येऊ लागले, तेव्हा मी मुद्दाम गेलो. गिरण्यांच्या वस्तीतले चित्रपटगृह, खिडकीत रांग. एक जुना जपानी चित्रपट होता. माझ्या शेजारी दोन तरुण होते, त्यांनी पोस्टर पाहून आत शिरल्याचे मला सांगितले; मध्यंतरात एक जण निघून गेला, दुसरा थांबला. निघून जाणारा प्रेक्षक मला तिथे प्रथमच भेटला. सोसायटीच्या खेळातून कुणी उठत नाही, वर्गणी वर्षाची असते आणि शेजारी ओळखीचा असतो. मला तो निघून गेलेला मुलगाही महत्त्वाचा वाटला. त्याच काळात प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’ला अनोळखी प्रेक्षक मिळाला तो तिकिटाच्या खिडकीवरच. शेवटचा दगड कुणाच्या अंगावर येतो हे त्या गर्दीत बसून पाहणे आणि महोत्सवाच्या प्रतिनिधींमध्ये बसून पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मी दोन्ही केल्या आहेत. महोत्सवाचा बिल्ला हे कार्डाचेच पुढचे रूप आहे, गळ्यात अडकवलेले.

आता घरोघरी मोबाइलवर जगातला कुठलाही चित्रपट येतो, मग चित्रपटगृहाची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. चिखल्यातही येतो. माझा पुतण्या इराणी चित्रपट पाहतो, हे मला गेल्या वर्षी कळले. त्याच्या आईला माहीत नाही, मित्रांना माहीत नाही. तो एकटाच पाहतो, खाटेवर, कानात वायर घालून. त्याने मला एका चित्रपटाच्या शेवटाबद्दल विचारले आणि आम्ही तासभर बोललो. नंतर तो म्हणाला, “मोठेबाबा, हे बोलाले इथं कोणीच नाही.”

‘कामेराडशाफ्ट’चा शेवट दोन तऱ्हांचा आहे. वर, दिवसाच्या उजेडात, भाषणे आणि मिठ्या. त्यानंतर एक छोटा प्रसंग: जमिनीखाली दोन देशांचे अधिकारी तोडलेली जाळी पुन्हा बसवून घेतात, कागद देतात-घेतात, शिक्के मारतात. जर्मनीत तो प्रसंग पुढे कापला गेला. मी पाहिलेल्या प्रतीत तो होता आणि बाबांना दाखवला त्यातही. जाळी लागते ते पाहून बाबा काही बोलले नाहीत. लॅपटॉप मिटवायला मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी विचारले, ते लाकडाचे पुन्हा एकदा दाखवतोस काय.